शांता आपटे : पडद्यावरची नीरा आणि पडद्यामागची नोकरदार

१९३९ च्या जुलै महिन्यात पुण्यात एक विलक्षण प्रकार घडला. प्रभात फिल्म कंपनीच्या दाराशी एक तरुणी उपोषणाला बसली. ती कोणी गिरणीतून काढून टाकलेली कामगार नव्हती. ज्या कंपनीच्या दारात ती बसली होती, त्याच कंपनीच्या चित्रपटांची ती सर्वांत लोकप्रिय नायिका होती. तिच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजत होत्या. दोन वर्षांपूर्वीच तिने साकारलेल्या भूमिकेने महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत वादळ उठवले होते. तिचे नाव शांता आपटे.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महात्मा गांधींनी राजकोट संस्थानाच्या प्रश्नावर उपोषण केले होते आणि त्याची आठवण देशात ताजी होती. राजकारणात मान्य झालेले हे शस्त्र एका सिनेनटीने आपल्या मालकांविरुद्ध उचलावे, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले, काहींना हसू आले. चित्रपटविषयक नियतकालिकांना तर आयताच खुराक मिळाला. वाद पगाराचा आणि कराराचा होता. पुढे अनेक वर्षे हा प्रसंग नटीच्या तापटपणाचा नमुना म्हणून सांगितला गेला. प्रस्तुत लेखकाला मात्र तो भारतीय चित्रपटधंद्यातील श्रमाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान वाटतो, आणि ते पान एका स्त्रीने लिहिले हा योगायोग नव्हे.

शांताबाईंचा जन्म १९१६ मधला. गाव दुधनी. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, आजच्या अक्कलकोट तालुक्यातील हे गाव कर्नाटकाच्या अगदी सीमेवर आहे. मराठी आणि कन्नड जिथे एकाच बाजारात नांदतात अशा पट्ट्यातले. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. घर ब्राह्मणी, मध्यमवर्गीय. मुलीचा गळा गोड आहे हे लवकर लक्षात आले आणि पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिचे गाण्याचे शिक्षण झाले. पुढे पुण्याच्या गणेशोत्सवातील मेळ्यांतून आणि कार्यक्रमांतून ती गाऊ लागली. त्या काळी मध्यमवर्गीय मुलीला चारचौघांत गाण्याची मुभा देणारे जे थोडे प्रसंग होते, त्यांत गणेशोत्सव प्रमुख होता. थोरले बंधू बाबूराव आपटे यांनी बहिणीच्या गुणांची व्यावहारिक किंमत ओळखली. ते तिचे पालक झाले, शिस्तीचे आणि कडक म्हणून ओळखले गेले, आणि तिचे व्यवहारही तेच पाहू लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बोलपटाच्या आरंभीच्या काळात नटीच्या वतीने बोलणी करणारा माणूस बहुधा तिच्या घरातला पुरुष असे: भाऊ, बाप, नवरा, क्वचित मामा. काम ती करी, सही कुठे करायची ते दुसरा सांगे. कंपनीच्या बाजूलाही पुरुष आणि घराच्या बाजूलाही पुरुष, आणि मध्ये जिच्या चेहऱ्यावर व आवाजावर सारा व्यवहार उभा ती स्त्री. शांताबाईंचे पुढचे आयुष्य या दोन भिंतींमधल्या बोळातून वाट काढण्यात गेले.

१९३२ मध्ये भालजी पेंढारकर यांनी ‘श्यामसुंदर’ हा बोलपट काढला. शाहू मोडक कृष्ण आणि शांता आपटे राधा. मुंबईत हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. कृष्ण आणि राधा दोघेही कोवळ्या वयाचे, दोघांचेही पदार्पण. एवढ्या यशानंतर मोठ्या कंपनीचे लक्ष जाणे स्वाभाविक होते, आणि त्या वेळी महाराष्ट्रात मोठी कंपनी म्हणजे प्रभात.

प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पाच भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली आणि तिथे तिने आशियातील उत्तम गणले जाणारे कलागृह उभारले. प्रभातची कीर्ती जशी तिच्या कलेची होती, तशीच तिच्या शिस्तीचीही होती. नट, तंत्रज्ञ, सुतार, रंगारी सारे मासिक पगारावरचे नोकर. चित्रण असो वा नसो, कामावर हजर राहायचे. कंपनी म्हणजे एक कुटुंब, असे सर्वजण मानत आणि मालकही मोठ्या अभिमानाने सांगत. कुटुंबाच्या या कल्पनेत ऊब खरीच होती. पण कुटुंबात कोणी करार दाखवून हक्क मागत नाही, मागितला तर तो कृतघ्नपणा ठरतो, हेही तितकेच खरे. आणि कुटुंबप्रमुख कोण, हे कधी कोणाला विचारावे लागत नसे.

१९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये शांताबाई नायकाच्या बहिणीच्या भूमिकेत आल्या. चंद्रमोहन यांच्या भेदक डोळ्यांनी गाजलेला हाच तो चित्रपट. संगीत केशवराव भोळे यांचे. नाटकाच्या परंपरेत गाणे आले की कथा थांबे, नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राही आणि ताना घेई. बोलपटानेही सुरुवातीला तेच उचलले होते. शांताबाईंनी गाताना डोळे, मान, हात यांना काम दिले. गाणारी बाई ही त्या कथेतलीच बाई राहिली. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या वेळी ती नवी होती, आणि तिचे श्रेय संगीतकार व दिग्दर्शक यांच्या बरोबरीने गायिकेलाही द्यायला हवे.

यामागचे कष्ट मात्र आज कोणाच्या ध्यानात येत नाहीत. पार्श्वगायनाची रीत १९३५ नंतर हळूहळू रुळली. त्याआधी गाणे आणि अभिनय एकाच वेळी मुद्रित होई. वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, पडद्याआड किंवा झाडाआड बसत. दिव्यांच्या उष्णतेत नटीने चालायचे, भाव दाखवायचे आणि सुरातही राहायचे. कोणाचा दिवा हलला, कोणी खोकले, तर गाणे पुन्हा पहिल्यापासून. त्यात प्रभातचे बहुतेक बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी निघत. एका भाषेतला तुकडा झाला की त्याच नेपथ्यात, त्याच कपड्यांत दुसऱ्या भाषेतला. म्हणजे गायिका आणि नटी अशी दोन कामे, आणि तीही दोन भाषांत.

१९३६ च्या ‘अमरज्योती’ने शांताबाईंच्या आवाजाला देशभर नेले. त्यात मुख्य भूमिका दुर्गा खोटे यांची. मूळच्या गोमंतकीय लाड घराण्यातल्या दुर्गाबाई इथे समुद्रावर राज्य करणारी, पुरुषसत्तेविरुद्ध सूड उगवणारी सौदामिनी झाल्या होत्या. शांताबाई राजकन्या नंदिनी. स्त्रीने आपल्या मुलावरचा हक्कही गमावावा अशा राज्यव्यवस्थेविरुद्ध ती बंड करते, असे हे कथानक. प्रभातच्या पुरुष मालकांनी आणि पुरुष लेखकांनी अशा कथा निवडल्या आणि मनापासून सादर केल्या, हे त्यांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. विषमतेविरुद्धचा चित्रपट काढणारी संस्था स्वतःच्या कार्यालयात समता पाळतेच असे नाही, एवढेच.

मग आला ‘कुंकू’. साल १९३७. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी हा चित्रपट केला; हिंदीत ‘दुनिया न माने’. पोरकी नीरा मामाच्या घरी वाढते. तिचे लग्न फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी लावले जाते. केशवराव दाते यांनी हा वृद्ध इतक्या समजुतीने रंगवला आहे की प्रेक्षकाला त्याचा राग आणि कीव एकदमच येते. नीरा या लग्नाला मान्यता देत नाही. ती रडत बसत नाही, विहीरही जवळ करत नाही. त्याच घरात राहून ती नवऱ्याला नवरा मानण्याचे नाकारते. वाईट नजरेने पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. वृद्धाच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, संततिनियमनाच्या प्रचारासाठी पुढे देशभर ओळखल्या गेलेल्या. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, रस्त्यावरची वर्दळ यांतूनच सारे बोलते. नीरा इंग्रजी कवी लाँगफेलोची एक कविताही गाते, आणि १९३७ मधल्या पुण्याच्या वाड्यात बसून ती गाणारी मुलगी मुळीच उपरी वाटत नाही.

शांताबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. हा चित्रपट आज पाहिला तरी त्यांचा चेहरा चकित करतो. पडद्यावरच्या मराठी स्त्रीचा राग तोवर बहुधा पौराणिक असे. सतीचा, देवीचा, राणीचा. नीराचा राग घरगुती आहे, म्हणून अधिक अवघड आहे. पणजीला दर वर्षी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात जगभरचे स्त्रीप्रश्नावरचे चित्रपट आस्थेने पाहणाऱ्या आपल्या रसिकांनी हा जुना मराठी चित्रपट पाहिला नसेल, तर तो अवश्य पाहावा.

‘कुंकू’ने शांता आपटे या नावाला एक अर्थ आला. ती आता केवळ गोड गळ्याची राधा राहिली नाही. प्रेक्षकांनी नीरा आणि शांता यांची सरमिसळ केली, आणि शांताबाईंनीही ती फारशी नाकारली नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत एक हकिगत आजतागायत सांगितली जाते. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांची लेखणी नटींच्या चारित्र्याविषयी बोलताना सैल सुटे. त्यांनी शांताबाईंविषयी काही अश्लाघ्य लिहिले; तेव्हा ही बाई छडी घेऊन थेट त्यांच्या कचेरीत गेली आणि तिने संपादकांना चोपले. सांगणाऱ्यागणिक या हकिगतीचे तपशील बदलतात. ऐकणारे मात्र नेहमी हसतात, आणि नटीवर असे काय लिहिले जात होते हा प्रश्न त्या हसण्यात वाहून जातो. पुरुष नटाच्या रात्री कुठे गेल्या याची चौकशी ही मासिके क्वचितच करीत. नटीच्या बाबतीत मात्र तो नियमित सदराचा विषय होता. आणि ही केवळ बदनामी नव्हती, ती बाजारातली किंमत ठरवण्याची रीतही होती. कुलीन म्हणून जाहिरात करून आणलेल्या मुलीच्या कुलीनतेवर शिंतोडा उडाला की कराराच्या टेबलावर तिचे वजन कमी होई.

त्या दशकात ‘चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात यावे काय’ हा मोठा वादविषय होता. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही आणि अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसावे लागले, हे सर्वश्रुत आहे. त्याच फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची तांत्रिक कामे रात्री जागून करीत होत्या, हे तुलनेने उशिरा लक्षात घेतले गेले. पडद्यावर स्त्री नको होती, पडद्यामागे तिचे हात चालत होते. पुढे दुर्गाबाई कामत आणि त्यांच्या कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, नंतर अँग्लो-इंडियन, ज्यू आणि गाणाऱ्या घराण्यांतील मुली, आणि तिसाव्या दशकात दुर्गा खोटे, शांता आपटे, लीला चिटणीस, शोभना समर्थ. या नव्या नट्यांचे शिक्षण आणि घराणे यांची कंपन्यांनी जाहिरात केली. त्यातून धंद्याला प्रतिष्ठा मिळाली. त्या प्रतिष्ठेचा मोबदला मात्र ती आणणाऱ्यांच्या हिशेबात जमा झाला नाही.

असे म्हटले की लगेच उत्तर येते: नट्यांना तर नटांपेक्षा जास्त पगार मिळे! ते बऱ्याच अंशी खरे आहे. इंपीरियल कंपनीच्या सुलोचनेचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त आहे, असे कौतुकाने म्हटले जाई. परंतु पगाराचा आकडा ही विषमतेची एकच बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की कंपनी कोणाची, कथा कोणी निवडायची, चित्रणाची वेळ कोणी ठरवायची, दुसऱ्या कंपनीत काम करण्याची परवानगी कोणी द्यायची, आजारपणाची रजा खरी की खोटी हे कोणी ठरवायचे. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर बहुतेक नट्यांच्या हाती नव्हते. अपवाद होते. फातमा बेगम यांनी १९२६ मध्येच स्वतःचा चित्रपट दिग्दर्शित केला. जद्दनबाईंनी स्वतःची संस्था काढली. गोहर यांना रणजित कंपनीत भागीदारी होती. दुर्गाबाईंनी १९३७ मध्ये ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शन केले. ज्यांना शक्य झाले त्यांनी मालकीकडे वाट काढली, कारण नोकरीत राहून स्वातंत्र्य मिळत नाही हे त्यांना कळले होते.

शांताबाईंना ती वाट उपलब्ध नव्हती. १९३८ मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या. राम मराठे कृष्ण. चित्रपट यशस्वी झाला. नीरासारखी भूमिका मिळालेल्या अभिनेत्रीने सहा वर्षांपूर्वीच्या राधेकडे परतावे, हे तिला कसे वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. त्यानंतरचे वर्ष वादाचे. अखेर जुलै १९३९ मध्ये त्या कंपनीच्या दाराशी जाऊन बसल्या.

हे उपोषण फार दिवस चालले नाही. पण कंपनीच्या ‘कुटुंबा’तले भांडण तिने रस्त्यावर आणले, हा खरा धक्का होता. तक्रार न्यायालयात गेली असती तर ती दोन वकिलांतली गोष्ट राहिली असती. वर्तमानपत्रात पत्र गेले असते तर चार दिवसांत विसरले गेले असते. इथे जिचे छायाचित्र लावून कंपनी तिकिटे विकत होती, तीच दारात उपाशी बसली होती. आपली प्रसिद्धी ही कंपनीची मालमत्ता नसून आपल्या हातातले हत्यार आहे, हे ओळखणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच मराठी अभिनेत्री. शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या.

तुलना करून पाहावी. केशवराव धायबर मतभेदानंतर प्रभात सोडून गेले ते भागीदार म्हणून. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले. या दोघांच्या बाहेर पडण्याला इतिहासात मतभेद म्हणतात. शांताबाईंच्या बाहेर पडण्याला तमाशा म्हटले गेले.

त्याच १९३९ मध्ये प्रभातचा ‘माणूस’ झळकला आणि दुसऱ्या एक शांता, हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या शांता हुबळीकर, रातोरात घराघरांत पोचल्या. त्यांच्या उतारवयातील एकाकीपण त्यांच्या ‘कशाला उद्याची बात’ या आत्मचरित्रातून वाचकांना माहीत आहे. सीमाभागातून आलेल्या या दोन शांतांपैकी एकीने कंपनीशी भांडण केले, दुसरीने केले नाही. कंपनीच्या यशात दोघींचाही वाटा उरला नाही.

प्रभात सुटल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९४० मध्ये, शांताबाईंनी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले: ‘जाऊ मी सिनेमात?’ शीर्षकातच प्रश्न. सिनेमात येऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींसाठी ते लिहिले आहे असे वरवर दिसते, पण त्यात आठवणी नाहीत, गंमती नाहीत, कोणाविषयी कुजबुज नाही. सिनेमा हा कारखाना आहे आणि नट हा त्यातला कामगार आहे, या दृष्टीने त्यांनी धंद्याची तपासणी केली. भांडवल कोणाचे, नफा कोणाकडे, राबणारे कोण. दिव्यांच्या उजेडात तासन्तास उभे राहणाऱ्या देहाला येणारा थकवा कसला. कीर्तीच्या मोहाने येणाऱ्या नवख्या मुलामुलींची पिळवणूक कशी होते. असा हा विचार. ‘नटीचे आत्मवृत्त’ म्हणून वाचकाने हातात घ्यावे आणि अर्थशास्त्राचा धडा वाचून खाली ठेवावे, असे ते पुस्तक आहे. चोवीस वर्षांच्या, औपचारिक शिक्षण बेताचे असलेल्या स्त्रीने हे लिहिले, म्हणून त्या काळी त्याकडे गंभीरपणे पाहिले गेले नाही, आणि नंतरच्या मराठी चित्रपटसमीक्षेनेही त्याला अनेक दशके बाजूलाच ठेवले. अलीकडे चित्रपटांतील श्रमाचा अभ्यास करणाऱ्या इंग्रजी विदुषींनी त्याची दखल घेतली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ते कळले. मराठीत लिहिलेले पुस्तक इंग्रजीतून कळावे, हे आपल्या वाङ्मयीन व्यवहाराला शोभणारे नाही.

त्यांनी मांडलेले प्रश्न कसे पुढे सरकले, तेही पाहू. चित्रपटकामगाराशी लेखी करार केला पाहिजे असे बंधन घालणारा केंद्रीय कायदा १९८१ मध्ये आला. शांताबाईंच्या उपोषणानंतर बेचाळीस वर्षांनी. मुंबईत स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून काम करू न देण्याचा संघटनेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढला तो २०१४ मध्ये. तोवर स्त्रीने केशरचना करावी, चेहरा रंगवण्याचे काम पुरुषाचे, अशी वाटणी पक्की होती. केरळात २०१७ मध्ये अभिनेत्री व स्त्री-तंत्रज्ञ संघटित झाल्या, न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली, तिने २०१९ मध्ये दिलेला अहवाल जनतेसमोर यायला २०२४ साल उजाडले. त्यातल्या तक्रारींत लैंगिक छळाबरोबर लेखी करार नसणे, ठरलेले पैसे न मिळणे, चित्रणस्थळी स्वच्छतागृह नसणे अशा अगदी साध्या गोष्टी आहेत.

प्रभातनंतर शांताबाईंचे आयुष्य स्थलांतराचे झाले. एका कंपनीची दारे बंद झाली की दुसऱ्या प्रांतात काम शोधायचे. १९४१ मध्ये त्यांनी तमिळ ‘सावित्री’ केला. दिग्दर्शक वाय. व्ही. राव. या चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत होत्या. ‘कल्कि’ हे नियतकालिक सुरू करण्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून त्यांनी ते काम पत्करले होते. शांताबाईंनी त्यासाठी वर्षभर तमिळचा अभ्यास केला आणि गाणी स्वतः गायिली. ज्या बाईला लहरी आणि बेशिस्त ठरवले गेले होते, तिने परक्या भाषेतील भूमिकेसाठी वर्ष खर्ची घालावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. नंतर १९४२ मध्ये लाहोरच्या पंचोली कंपनीचा ‘जमीनदार’, पुढे मुंबईचे अनेक हिंदी चित्रपट.

१९४६ चा ‘सुभद्रा’ हा मास्टर विनायकांचा चित्रपट. त्यात शांताबाईंबरोबर एका नवख्या मुलीचा आवाज ऐकू येतो. ती मुलगी लता मंगेशकर. गाणारी नटी आणि पडद्यामागून गाणारी गायिका एका गाण्यात भेटतात आणि एक युग संपते. पार्श्वगायनाने गळा आणि चेहरा वेगळे केले. निर्मात्याला आता दोन्ही गुण एका बाईत शोधण्याची गरज उरली नाही. तंत्राचा हा बदल अपरिहार्य होता, त्यातून जे गाणे मिळाले त्याबद्दल कोण तक्रार करील? पण ज्या स्त्रियांनी दोन्ही ओझी वाहून बोलपट उभा केला, त्यांचे बाजारमूल्य दहा वर्षांत ओसरले, हेही घडले. ‘वाल्मिकी’, ‘उत्तरा अभिमन्यू’, ‘मंदिर’, ‘स्वयंसिद्धा’, मराठीत ‘जागा भाड्याने देणे आहे’, ‘कुंकवाचा धनी’, ‘ताई तेलीण’ अशी नावे पुढे येत राहिली. त्यांत नीराची बरोबरी करणारी भूमिका नव्हती. पुरुष नट चाळिशीत नायक राहू शके. तिशी ओलांडलेल्या नटीला आई, जाऊ नाहीतर देवी व्हावे लागे. १९५८ च्या ‘रामभक्त विभीषण’नंतर त्या पडद्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. अभिनेत्री नयना आपटे यांनी त्यांचा अभिनयाचा आणि गाण्याचा वारसा पुढे रंगभूमीवर आणि पडद्यावर चालवला.

शांताबाईंच्या स्वभावाविषयी लिहिणारे सगळेच त्यांना हट्टी म्हणतात. त्या हट्टी होत्याच. प्रस्तुत लेखकाला त्यांचे संतपण सिद्ध करायचे नाही. त्यांच्याबरोबर काम करणे सोपे नसावे. पण त्यांच्या पिढीतल्या मोठ्या दिग्दर्शकांच्या हट्टाला आपण कलेची निष्ठा म्हणतो, दृश्य मनासारखे येईपर्यंत साऱ्या कलागृहाला रात्रभर जागवण्याच्या गोष्टी कौतुकाने सांगतो. स्वभावाचा एकच गुण दोन वेगळ्या खात्यांत टाकण्याची ही सवय चरित्रकारांनी सोडली, तर शांताबाईंचे चरित्र बरेच वेगळे लिहावे लागेल.

काही महिन्यांच्या आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरी येथे त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. प्रभात कंपनी त्याआधीच बंद पडली होती आणि तिच्या पुण्यातल्या जागेत १९६० पासून केंद्र सरकारची चित्रपटसंस्था उभी राहिली होती. ज्या आवाराच्या दाराशी शांताबाई बसल्या होत्या, त्याच आवारात आता मुली दिग्दर्शन, छायालेखन आणि संकलन शिकायला येतात, आणि तिथल्या जुन्या चित्रणगृहाला आजही प्रभातचेच नाव आहे.